राजापूरच्या सड्यावर पाण्याची ट्रॉली ओढायला जुनी फोर बाय फोर कोणती घ्यावी?

सड्यावरचा

नमस्कार मंडळी. राजापूर तालुक्यात आमची हापूसची बाग आहे. घर खाली वाडीत, कलमं वर सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर. जुन्या झाडांना पाणी लागत नाही, पण वरच्या अंगाला नवी कलमं लावली आहेत. त्यांना पहिली ३-४ वर्षं फेब्रुवारी ते मे पाणी दिल्याशिवाय इलाज नाही, कारण कातळात सुरुंग लावून काढलेल्या खड्ड्यात माती ती किती असणार. आजवर शेजाऱ्यांचा ट्रॅक्टर भाड्यानं मिळायचा. त्यांनी तो विकला.

रस्ता असा: आधी ग्रामपंचायतीचा डांबरी तुकडा, मग पाणंद आणि शेवटी जांभ्यातली उभी घाटी. घाटीत सुटे दगड आहेत आणि एक वळण इतकं आवळलेलं आहे की लांब गाडीला मागेपुढे करावं लागतं. पावसात लाल चिखल.

काम: ट्रॉलीवर पाण्याची टाकी, फवारणीचा पंप, हंगामात आंब्याचे क्रेट. उरलेल्या दिवसांत हीच घरची गाडी. आईला रत्नागिरीला दवाखान्यात न्यायचं असतं, अणुस्कुरा घाटानं कोल्हापूरला जाणं असतं. त्यामुळे पाच माणसं नीट बसावीत आणि एसी असावा.

गाडी आणि ट्रॉली मिळून ८ लाख. फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकं ओढणारीच हवी. डोळ्यांसमोर आहेत थार सीआरडीई (जुनी डिझेल थार), स्कॉर्पिओ फोर बाय फोर, सफारी स्टॉर्म फोर बाय फोर, जुनी गुरखा, पजेरो स्पोर्ट. धाकटा भाऊ जिप्सीसाठी हटून बसलाय. कुणी अशा कामाला गाडी वापरली असेल तर सविस्तर लिहा.

मीनल_सातारा

दादा, आईंना घेऊन दवाखान्यात जायचं म्हणताय तर जुनी थार यादीतून काढाच. मी चालवते ती गाडी आणि जीव आहे माझा तिच्यावर. पण मागची बाकं आडवी, समोरासमोर. दारं दोनच, मागे चढायचं ते पाठीमागून. गुडघे दुखणाऱ्या माणसाला तो छळ आहे. मागे पाटे असल्यामुळे रिकामी असताना उसळते ते वेगळंच.

घाटीत मात्र २४७ न्यूटन मीटर टॉर्क आणि २.४८ पटीचा लो गिअर (वेग कमी करून ओढा तितक्या पटीनं वाढवणारा जोडगिअर) एवढ्यावर ती कुठेही चढते. २०१५ नंतरच्या काही गाड्यांना मागे लॉक होणारं डिफरन्शिअल (दोन चाकांत ओढा वाटणारा दातऱ्यांचा संच) आहे. एक चाक हवेत गेलं की कट्ट आवाज होतो आणि दुसरं चाक ओढायला लागतं. सुट्या दगडांवर ही सोय फार मोलाची.

आंबोलीकर

भावाचं ऐका, जिप्सी घ्या. एवढी हलकी गाडी कुठे अडकत नाही. आमच्याकडे जंगल खात्यानं वर्षानुवर्षं वापरली.

गणिती_अण्णा

जिप्सी एकटी कुठेही जाईल यात शंका नाही. प्रश्न ट्रॉली ओढण्याचा आहे आणि तिथे हलकेपणाच आडवा येतो. थोडा हिशोब मांडतो. मी यंत्रशाळेत आयुष्य काढलं आहे, तेव्हा आकड्यांचा कंटाळा करू नये ही विनंती.

घाटीचा चढ १ ला ५ धरू, म्हणजे पाच मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. ट्रॉली रिकामी ३०० किलो, पाणी १००० लिटर म्हणजे १००० किलो.

आधी सफारी किंवा पजेरोसारखी दोन टनांची गाडी घेऊ. एकूण वजन ३३०० किलो. चढाचा ओढा सुमारे ६५० किलो, सुट्या दगडांवर चाकं फिरवण्याचा विरोध आणखी १६५. म्हणजे ८१० किलोच्या आसपास जोर जमिनीला द्यावा लागेल. सुट्या दगडांवर टायरची पकड वजनाच्या साधारण निम्मी धरतात. फक्त मागची चाकं ओढत असतील तर त्यांच्यावर टनभर वजन, पकड ५०० किलो. गाडी जागेवर चाकं फिरवत बसेल. चारही चाकं ओढली तर पकड १००० किलो, गाडी चढेल.

आता जिप्सी. वजन टनाच्या आसपास, एकूण २३००. जोर हवा ५६५ किलो. चारही चाकं लावूनही पकड ५००. नाही चढणार. इंजिन कितीही चांगलं असलं तरी नाही.

आणि इंजिनाची ताकद किती लागते बघा. हाच ८१० किलोचा जोर ताशी ८ किमी वेगानं द्यायला चाकाशी २४-२५ हॉर्सपॉवर पुरते. यादीतल्या प्रत्येक गाडीत ती आहे. म्हणून १४० की १७० हॉर्सपॉवर हा वाद सोडून द्या. गाडीचं स्वतःचं वजन, लो गिअर आणि चारही चाकांना पोचणारा ओढा, या तीन गोष्टी बघा.

आंबोलीकर

अण्णा, मान्य. पाणी ५०० लिटरच नेलं तर?

गणिती_अण्णा

मग जिप्सीला ४४० लागतील, पकड ५००. चढेल, पण कोरड्या दिवशी. सफारीला ६९० लागतील आणि हाताशी १०००. पाऊस पडून गेला असेल तर पकड आणखी घटते, तेव्हा ही शिल्लक लागतेच. ५०० लिटरचा विचार मात्र सर्वांनीच करावा असं माझं मत आहे.

पाना_आणि_पाटे

कोल्हापुरात माझं गॅरेज हाय. लई गाड्या हातावरून गेल्या, त्यातनं सांगतो.

पैली गोष्ट, लो गिअर नसलेली गाडी कुणी स्वस्तात देतो म्हणाला तरी घेऊ नका. हेक्झाची फोर बाय फोर, एक्सयूव्ही ५०० ची, डस्टरची, तिन्हीत लो नाही. रस्त्याला चांगल्या गाड्या. पण लोड घेऊन घाटी चढताना अर्ध्या क्लचवर धराव्या लागतात आणि दोन हंगामात क्लच प्लेट जळून वास येतो.

दुसरी गोष्ट, मागच्या मालकानं फोर बाय फोर कधी लावलंच नसेल तर ती गाडी "जपलेली" नसते. ट्रान्सफर केस म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ओढा वाटणारी पेटी, तिची मोटर न वापरता गंजती. बटन फिरवलं की दिवा लुकलुकतो आणि लागत काय नाही. विकणारा म्हणतो "लागतंय की, पावसात लावायचो". त्याचं ऐकू नका, स्वतः लावून बघा.

बघायचं असं. गाडी खडीच्या किंवा मातीच्या जागेवर न्या. डांबरावर नको, पार्ट टाइम सिस्टमला पुढची-मागची चाकं वेगळ्या गतीनं फिरायला वाव नसतो, डांबरावर दातऱ्यांवर ताण येतो. फोर हाय (चारही चाकं, पण लो गिअर नाही) लावा, स्टिअरिंग पूर्ण कापून हळू गोल फिरा. गाडी अडल्यासारखी वाटली पायजे, चाकाखालची खडी खरवडली पायजे. टू व्हीलला फिरती तशीच मऊ फिरली तर पुढं ओढा पोचत नाही. मग चाकाचं हब बघा, पुढच्या चाकांना ओढा नेणारा शाफ्ट बघा. काहींनी आवाज येतो म्हणून पुढचा शाफ्टच काढून ठेवलेला असतो, खाली वाकून बघितल्याशिवाय कळत नाही. मग गाडी उभी करून न्यूट्रल, क्लच दाबून लो. पहिला गिअर टाकून क्लच सोडा, पाय रेसवर नको. माणूस चालतो त्यापेक्षा हळू गाडी सरकली पायजे.

तिसरी, तेल. ट्रान्सफर केस, पुढचं हाउसिंग, मागचं हाउसिंग (डिफरन्शिअलच्या पेट्या), तिन्हीचे फिलर बोल्ट उघडायला लावा. तेल दुधाच्या चहासारखं दिसलं तर आत पाणी गेलंय. ब्रीदरची, म्हणजे पेटीला हवा देणारी नळी तुटलेली असती आणि गाडी नदीत घातलेली असती. तेल बदलून भागतं का क्राउन पिनियन (आतल्या मुख्य दातऱ्या) गेलंय, ते उघडल्यावर कळतं. बोल्टला चिकटलेला लोखंडाचा चुरा बोटावर घेऊन बघा. पिठासारखा असला तर झीज, तुकडे असले तर उठा तिथनं.

चौथी, चेसिस. तुमच्या कोकणात हे सगळ्यात मोठं. समुद्रकिनाऱ्यावर वाळूत पळवलेल्या गाड्या वरनं चकचकीत आणि चेसिसच्या पेटीत आतनं कुजलेल्या. छोटी हातोडी घेऊन मागच्या चाकाच्या कमानीपासून बंपरपर्यंत ठोकत जा. टण आवाज आला तर चांगलं, भद आला तर पत्रा खाल्लाय. तुमचा हूक त्याच जागेला बसणार हाय. ताजा काळा रंग मारलेला दिसला तर आणखी ठोका.

सड्यावरचा

मेस्त्री, मनापासून धन्यवाद. अण्णांच्या हिशोबानं तर डोळेच उघडले. म्हणजे आता स्टॉर्म, स्कॉर्पिओ आणि पजेरो स्पोर्ट एवढ्या राहिल्या. गुरखाबद्दल कुणी बोललं नाही अजून.

मीनल_सातारा

गुरखाला पुढे आणि मागे दोन्हीकडे हातानं लावायचं डिफरन्शिअल लॉक मिळतं, तसं तुमच्या यादीत कुणाकडेच नाही. जुन्या २.६ इंजिनाची ताकद ८० हॉर्सपॉवर. निव्वळ बागेसाठी घेत असता तर मी डोळे मिटून गुरखा सांगितली असती. पण त्याच गाडीतून अणुस्कुरा चढून कोल्हापूर गाठायचं म्हणजे आवाजानं आणि धक्क्यांनी माणूस आंबून जातो. आईंसाठी नको.

पर्थची_मावशी

मी पश्चिम ऑस्ट्रेलियात राहते. इथे घरोघरी मागे काहीतरी जोडलेलं असतं, कुणाची बोट, कुणाचं कॅरॅव्हॅन. आम्हीही बोट ओढतो. गाडीबद्दल वर भरपूर आलंय, मला ट्रॉलीबद्दल बोलायचं आहे, कारण अपघात तिथे होतात.

इथला नियम असा की भरलेल्या ट्रेलरचं वजन ७५० किलोच्या वर गेलं की त्याला स्वतःचे ब्रेक लागतात, आणि २ टनांच्या वर सगळ्या चाकांना. वर अण्णांनी हिशोबात धरलीय ती ३०० किलोची ट्रॉली आणि हजार लिटर पाणी, ब्रेकशिवाय. चढताना कदाचित चालून जाईल. पण तुमच्याकडे पाणी वर जातं आणि आंबा खाली येतो ना? भरलेले क्रेट घेऊन तीच घाटी उतरताना मागचं वजन गाडीला ढकलतं. वळणावर गाडी ब्रेक लावते, ट्रॉली थांबत नाही, ती गाडीची शेपूट बाजूला सारते. गाडी कात्रीसारखी दुमडते आणि स्टिअरिंग कितीही फिरवलं तरी सुटत नाही.

म्हणून उतरताना लो गिअरमध्ये पहिला किंवा दुसरा गिअर, इंजिनच्या जोरावर, ब्रेकवर पाय कमीत कमी. शक्य तितके क्रेट गाडीतच ठेवा.

दुसरं, ट्रॉलीचा पुढचा दांडा गाडीच्या हूकवर थोडा भार टाकून बसायला हवा, एकूण वजनाच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास. ८०० किलोची ट्रॉली असेल तर ८० किलो. घरातला वजनकाटा दांड्याखाली ठेवून मोजता येतं. भार मागे गेला तर ट्रॉली डांबरी रस्त्यावर नागासारखी वळवळते.

तिसरं फार कळकळीनं सांगते. अडकलेली गाडी झटका देऊन काढायला ट्रॉलीच्या हूकचा गोळा कधीही वापरू नका. तो तुटून गोळीसारखा उडतो, माणसं दगावली आहेत त्यानं. पट्टा चेसिसला बोल्ट केलेल्या हूकलाच लावायचा, पट्ट्यावर जाड गोधडी टाकायची आणि मंडळींना लांब उभं करायचं.

पाना_आणि_पाटे

मावशी बरोबर बोलल्या. आमच्याकडं टोचन (अडकलेली गाडी ओढायचा दोर) लावताना पोरं मध्येच उभी राहून बघत असतात. आणि हूक बंपरच्या पट्टीला वेल्डिंग करून देणारे लई हायत. दोन्ही चेसिस दांड्यांना आडवा चॅनल बोल्टनं आवळून त्यावर हूक, हेच खरं.

कागदपत्रे_नीट

कायद्याची बाजू राहिली. मोटार वाहन कायद्याच्या व्याख्येत ट्रेलर हेसुद्धा वाहनच आहे. सार्वजनिक रस्त्यावर आणायचं असेल तर त्याची स्वतःची नोंदणी लागते आणि कलम ६१ प्रमाणे ओढणाऱ्या गाडीचा क्रमांकही ट्रेलरच्या मागे दिसायला हवा. तुमच्या बागेच्या हद्दीत कोण विचारणार नाही, पण मधला डांबरी तुकडा ग्रामपंचायतीचा म्हणजे सार्वजनिकच आहे. वेल्डिंगवाल्याकडून बनवून घेतलेली बिननंबरी ट्रॉली तिथे अडचणीची. ऑर्डर देण्यापूर्वीच आरटीओत जाऊन नोंदणीचं बोला.

विम्याचा कागद काढून बघा. गाडीची विमा रक्कम लिहिलेली असते त्या तक्त्यात ट्रेलरचा वेगळा रकाना असतो आणि तो सहसा रिकामा असतो. ट्रेलर नोंदवला, प्रीमियम भरला, तरच तो विम्यात. नाहीतर अपघातात ट्रॉलीनं कुणाला इजा झाली तर दावा अडकतो.

दिल्लीच्या गाड्यांचा विषय कुणी काढण्याआधी सांगतो. हरित लवादाचा २०१५ चा आदेश आणि त्यावर सर्वोच्च न्यायालयाचं २०१८ चं शिक्कामोर्तब, यामुळे तिकडे १० वर्षांच्या पुढच्या डिझेल गाड्यांवर गदा आली आणि त्या स्वस्तात आपल्याकडे यायला लागल्या. गाडी चांगली असू शकते, पण एनओसी (तिकडच्या आरटीओचं ना-हरकत पत्र), महाराष्ट्राचा रस्ता कर आणि फेरनोंदणी धरून हिशोब करा. एनओसी हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. गाडी १५ वर्षांच्या जवळ असेल तर नूतनीकरणाचं ५,००० रुपये शुल्क, पर्यावरण कर आणि फिटनेस तपासणी समोर आहेच.

मोठे टायर, वर उचललेलं सस्पेन्शन, बुलबार लावलेली गाडी दिसली तर आरसीशी (नोंदणीपुस्तकाशी) ताडून बघा. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलं आहे की कंपनीनं दिलेल्या मूळ रचनेत बदल चालत नाही. नोंदणी हस्तांतराच्या वेळी तुम्हालाच ते उतरवावं लागेल.

वाडीतली_सून

वाचनखूण साठवली. आमच्याकडेही हाच प्रश्न आहे. एक विचारू का? पाणी ओढण्यापेक्षा खालून पंपानं वर चढवून सड्यावर टाकी बांधली तर ट्रॉलीची कटकटच संपली ना?

सड्यावरचा

ताई, तो विचार सर्वात आधी केला. विहीर खाली वाडीत, आणि पाइप टाकायचा तर मध्ये तीन घरांच्या सामाईक जमिनी. एकाची सही मुंबईहून, एकाची बडोद्याहून. दोघं तयार आहेत, तिसऱ्यांशी बोलणं चालू आहे. वर बोअर मारली होती, कातळात कोरडी गेली. पाइप झाला तरी फवारणीला आणि आंबा उतरवायला गाडी लागणारच, म्हणून थांबत नाही.

घाटमाथा

स्टॉर्म वि. स्कॉर्पिओ वि. पजेरो स्पोर्ट, माझं मत.

पजेरो स्पोर्ट तिघींत सर्वात भक्कम. ४०० न्यूटन मीटर, आणि तिची फोर बाय फोर डांबरावरही लावता येते, कारण मधलं डिफरन्शिअल मोकळं ठेवायची सोय आहे. ओल्या घाटात ती फार सुरक्षित वाटते. पण मित्सुबिशीची नवी गाडी आता इथे मिळत नाही, सुटे भाग मागवून थांबावं लागतं. गाडी मार्च-एप्रिलात उभी राहिली तर कलमं वाळतील. रोजीरोटीच्या कामाला मी घेणार नाही.

स्कॉर्पिओचे भाग राजापुरातच मिळतील, मेस्त्रीही. तिचं एमहॉक इंजिन लो गिअरमध्ये छान ओढतं. उंच आणि अरुंद असल्यानं आडव्या उतारावर झुलते, ते सवयीनं जमतं. फोर बाय फोर गाड्या मात्र मुळातच कमी विकल्या गेल्या, त्यामुळे चांगली मिळायला वेळ लागतो.

स्टॉर्म २०१२ ला आली, २०१९ ला बंद झाली. वजन दोन टनांच्या घरात, अण्णांच्या हिशोबाला हेच हवं. मागे लिमिटेड स्लिप डिफरन्शिअल (एकच चाक मोकळं फिरू न देणारं), चारही चाकांना कॉइल स्प्रिंग, आईंना बसायला तिघींत सर्वात आरामाची. शेवटच्या काळातल्या गाड्यांत ४०० न्यूटन मीटरचं इंजिन आणि सहा गिअर आले. त्याआधीचं ३२० न्यूटन मीटरचं इंजिनही तुमच्या कामाला पुरून उरेल. लांबी तुमच्या त्या वळणावर त्रास देईल, आधी मोजून घ्या. मी तुमच्या जागी असतो तर स्टॉर्म बघितली असती.

सड्यावरचा

सर्वांचे आभार. अपडेट देतो. वळणावर दोरी धरून मोजलं. गडग्याचे (दगडी कुंपणाचे) खालचे चिरे थोडे मागे घेतले तर स्टॉर्म एका दमात वळेल. शेजाऱ्यांनी आपणहून परवानगी दिली.

कोल्हापुरात एक स्टॉर्म फोर बाय फोर बघितली. मेस्त्री स्वतः आले होते, त्यांचे उपकार फिटणार नाहीत. खडीवर फोर हाय आणि लो दोन्ही व्यवस्थित लागलं. चेसिस घाटावरच्या गाडीची, टणटणीत. मागच्या हाउसिंगचं तेल स्वच्छ. पुढच्या हाउसिंगचं तेल पांढुरकं निघालं.

पाना_आणि_पाटे

ब्रीदरची नळी निसटली होती. बोल्टला चुरा पिठासारखाच होता, तुकडे नव्हते. तरी मी मालकाला सांगितलंय, हाउसिंग उघडून बेअरिंग बघू, खर्च त्याचा, मगच सौदा. तो तयार हाय. बेअरिंगवर गंज दिसला तर तेवढे पैसे किमतीतनं कमी.

पर्थची_मावशी

छान. ट्रॉलीचं काय ठरलं?

सड्यावरचा

मावशी, तुमचं ऐकून हजार लिटरचा नाद सोडला. भरलेली ट्रॉली ७५० किलोच्या आतच ठेवायची. नोंदणी करून देणारा कारखाना शोधतोय. ५०० लिटरची प्लास्टिकची टाकी घ्यावी आणि थोडी कमी भरावी म्हणतो, पण अर्धी रिकामी झाली की पाणी हिंदकळेल. आत पडदे असलेली टाकी मिळते का?

गणिती_अण्णा

टाकी घेऊच नका. २०० लिटरचे निळे ड्रम दोन, झाकण घट्ट बसणारे. एक ड्रम पूर्ण संपवा, मग दुसरा उघडा, म्हणजे एका वेळी एकाच ड्रममधलं पाणी हलेल. दोन्ही ड्रम आसाच्या पुढे-मागे असे ठेवा की भरलेल्या ट्रॉलीचा दांड्यावरचा भार ७० किलोच्या आसपास येईल, आणि मागचा ड्रम आधी रिकामा करा. पुढचा आधी संपवलात तर दांडा हलका पडेल. ३०० किलो ट्रॉली आणि ४०० लिटर पाणी म्हणजे ७००. रिकाम्या ड्रमचं वजन आणि पंप मिळून ५० किलो शिल्लक राहतात.

सड्यावरचा

हे पटलं. ड्रम घरी आहेतच. हाउसिंग सोमवारी उघडतायत, मी सकाळच्या गाडीनं कोल्हापूरला जातोय. काय निघतं ते इथेच लिहितो.